तांबट आळी गप्प झाली

धोंडोपंत सायखेडकरांना ऐकू येत नाही, ही गोष्ट साऱ्या नाशकात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द धोंडोपंत आणि दुसरा महेबूब अत्तरवाला. महेबूबला ठाऊक असणं भागच होतं, कारण धोंडोपंतांचा बहिरेपणा त्याच्याच दुकानातल्या मालानं झाकला जात होता.

त्याचं असं, की धोंडोपंत रोज सकाळी म्युनिसिपालिटीच्या कचेरीत जाताना महेबूबच्या दुकानाशी थांबत, हिन्याच्या अत्तराचा एक फाया घेत आणि डाव्या कानात खोचत. दिवसभरात कुणाचं बोलणं निसटलं, की फायाला बोट लावून म्हणत, "जरा मोठ्यानं. कानात अत्तर आहे." कानात अत्तर असलेला माणूस रसिक ठरतो, आणि कानात काहीच नसून ज्याला ऐकू येत नाही तो बहिरा ठरतो. जगाची ही रीत धोंडोपंतांनी वेळेवर ओळखली होती. दोन वर्षांत फाया मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा होता तो बोराएवढा झाला. महेबूबनं कधी वाच्यता केली नाही. कापूस तेवढा सढळ हातानं वापरला.

"साहब," तो एकदाच म्हणाला होता, "अत्तर नाकासाठी असतं. तुमच्या कानाला एवढं काय आवडलं त्यात?"

"जरा मोठ्यानं बोल," धोंडोपंत म्हणाले. "कानात अत्तर आहे."

ऐकू येणं एकदम गेलं असतं तर माणसानं बोंब तरी मारली असती. पण ते चातुर्मासाच्या पाहुण्यासारखं एकेक सामान बांधत गेलं. आधी चिमण्या गेल्या. मग घड्याळाची टिकटिक गेली, मग केरू शिपायाच्या वहाणांची करकर गेली, आणि शेवटी सगुणाबाई गेल्या. म्हणजे सगुणाबाई होत्या जागच्या जागी, आवाज गेला. चीफ ऑफिसर साहेबांचा भसाडा आवाज तेवढा शाबूत राहिला. देव अशा वेळी काय निवडून नेतो आणि काय ठेवतो, ते त्याचं त्यालाच माहीत.

सगुणाबाईंचा आवाज मुळातच हळू. "मुलगी हळू बोलते" हा गुण त्यांच्या वडिलांनी लग्न ठरवताना चारचौघांत मोठ्यानं सांगितला होता, आणि धोंडोपंतांच्या आईनं तो हुंड्याइतकाच मोलाचा मानला होता. रोज संध्याकाळी धोंडोपंत झोपाळ्यावर बसत आणि सगुणाबाई समोर पाटावर बसून भाजी निवडता निवडता दिवसभराचं सांगत. नळावर कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं लोणचं नासलं. धोंडोपंत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. भुवई वर गेली की म्हणत "अस्सं." भाजी निवडणारा हात थांबला की म्हणत "अरेरे." बाकी सगळीकडे "हं." निम्मा संसार या तीन शब्दांवर चालतो, त्यामुळे काही अडलं नाही. एकदा मात्र कचेरीतून घरी येऊन बघतात तो ओसरीवर एक हार्मोनियम. ते कुठून आलं म्हणून विचारावं, तर सगुणाबाईंनी खुणेनं यांच्याकडेच बोट दाखवलं. म्हणजे कुठला तरी "हं" नको तिथे पडला होता. धोंडोपंतांनी मुकाट्यानं पेटी मान्य केली.

मग हा माणूस सरळ सांगून का टाकत नव्हता? लाज होतीच. आरोग्य खात्याचा हेडक्लार्क बहिरा, हे कचेरीत कळलं असतं तर सगळे आनंदानं जेवले असते. पण खरं कारण वेगळं होतं. ऐकू येत नाही हे कळलं, तर ही बोलायची थांबेल, अशी त्यांना भीती वाटत होती. भिंतीशी कोण बोलत बसतं? आणि ते हलणारे ओठ, ती भाजी, ती वर जाणारी भुवई संध्याकाळी समोर नसेल, तर कचेरीतून घरी तरी कशाला यायचं? धोंडोपंतांचं सगुणाबाईंवर प्रेम होतं, हे त्या काळी बोलायची पद्धत नव्हती. म्हणून ते बोलत नसत. पण होतं.

सन चौतीस-पस्तीसचा सुमार. एका मुंबईच्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की कोणी डॉक्टर भरुचा म्हणून आहेत, ते बहिऱ्यांचे कान तपासतात, अडखळत बोलणाऱ्यांना धडे देतात, आणि एखाद्या गावच्या म्युनिसिपालिटीनं बोलावलं तर तिथे जाऊन हे सगळं फुकट करतात. धोंडोपंत एकटे मुंबईला गेले असते तर टांगेवाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी "कशाला?" म्हणून विचारलं असतं. त्यापेक्षा डॉक्टरलाच नाशकात आणावा, शंभर कान गोळा करावेत, आणि त्या गर्दीत आपला एक कान हळूच सरकवावा, हे बरं. शंभर कान तयारच होते. तांबट आळीत पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत हंडे, घागरी आणि बंब ठोकले जात. तिथले म्हातारे एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. फक्त त्यांच्यातल्या एकालाही बहिरा म्हटलेलं खपत नसे.

धोंडोपंतांनी प्रस्ताव लिहिला. "बहिरेपणा, तोतरेपणा व वाचेचे इतर दोष यांची मोफत तपासणी." आता चीफ ऑफिसर साहेब रागावले की त्यांचा शब्द पहिल्याच अक्षरावर अडे. सारी कचेरी त्यांना रागावू न देण्याची काळजी घेई, ती भीतीनं नव्हे, तर त्यांची ती ओढाताण बघवत नसे म्हणून. साहेबांनी प्रस्तावातला "तोतरेपणा" खोडला. मग "वाचेचे" खोडलं. मग "दोष" खोडलं. शेवटी गावभर जी पत्रकं लागली त्यांवर "बहिरेपणा व इतर" एवढंच उरलं.

मग प्रश्न आला, हे कुठल्या खात्यात घालायचं. आरोग्य समितीनं विचारलं, "बहिरेपणा पसरतो का?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग आमचा काय संबंध. शाळा समितीनं विचारलं, तांबट शाळेत जातात का. बांधकाम समितीनं काहीच विचारलं नाही, नुसतं हसून दाखवलं. सरतेशेवटी उंदीर निर्मूलनाच्या खात्यात थोडी जागा शिल्लक निघाली आणि बहिरेपणा उंदरांत जमा झाला. त्यामुळे तपासणीच्या दिवशी उंदीर पकडणारी दोन माणसं हुकमाप्रमाणे पिंजरे घेऊन दारात हजर होती, आणि त्यांना परत पाठवायचा अधिकार कुणालाच नव्हता.

जागेचंही तसंच. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "आमच्याकडे शांतता असते. बहिरे आले तर ती राहायची नाही." तेव्हा तांबट आळीच्या टोकाची धर्मशाळा ठरली. शेजारीपाजारी रोज सल्ला देऊन जात. लसणाचं कोमट तेल, तुळशीचा रस, कांद्याचा रस. एकानं विंचूरहून खास कांदाही आणून दिला. धोंडोपंत प्रत्येकाला सांगत, "मला नव्हे हो, जनतेला."

डॉक्टर भरुचांचं पत्र आलं, की तपासणीच्या वेळी पूर्ण शांतता पाहिजे. तांबट आळीत शांतता म्हणजे गोदावरीत कोरडी जागा. धोंडोपंत आळीचे पंच मोतीराम तांबट यांच्याकडे गेले. मोतीराम मांडीशी घागर धरून ठोकत होते. आजूबाजूला वीस हातोडे चालू होते.

"तासभर सगळे हातोडे थांबवायचे," धोंडोपंत ओरडले.

मोतीरामांनी हातोडा खाली ठेवला. आळीत कुणी त्यांच्याकडे असलं मागणं पूर्वी केलं नव्हतं. मग ते धोंडोपंतांच्या जवळ सरकले आणि, गोष्ट मरणाची असल्यामुळे, आवाज उतरवून म्हणाले, "पंत, आमच्या आळीचा हातोडा दोनदाच थांबतो. एक अवसेला, आणि एक कुणी गेलं तर. भलत्या दिवशी थांबला तर सगळं गाव धावत येईल. तुम्ही आदल्या दिवशी दवंडी पिटवा, की कुणी गेलेलं नाही, सरकारी काम आहे म्हणून. पिटवाल ना?"

धोंडोपंतांना मोतीरामांच्या मिशा हलताना दिसल्या. भुवई जागच्या जागी होती.

"हं," धोंडोपंत म्हणाले.

"नक्की?"

"हं, हं."

दवंडी अर्थातच झाली नाही.

पौषातली सकाळ होती, थंडी कडाक्याची. डॉक्टर भरुचा नाशिक रोडला उतरून टांग्यानं आले. गोरे, गोल आणि घाईतले. आळीतले म्हातारे तांबट, हातोडे पोरांकडे सोपवून, धुतलेल्या टोप्या घालून धर्मशाळेच्या ओट्यावर रांगेनं बसले होते, पण पुढे कुणी होईना. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मला चांगलं ऐकू येतं, मी याला घेऊन आलोय." रांगेत सर्वांत पुढे, पेठ गावाकडच्या भागीबाई तेवढ्या तयारीनं बसल्या होत्या. त्यांचा गुडघा दुखत होता.

"कान नाय दुखत," त्या म्हणाल्या. "पर कागदावर इतर लिवलंय ना? माझा गुडघा इतर हाय."

धोंडोपंत याच घटकेची वाट बघत होते. ते पुढे झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "लोकांची भीड चेपावी म्हणून आधी माझा कान तपासा. नमुना म्हणून."

"बराबर," डॉक्टर म्हणाले. "असा साहेब पायजे."

नमुन्याला त्यांनी आत नेऊन बाकावर आडवं केलं. बसलेला माणूस ओठ बघून उत्तर देतो, म्हणून निजवून डोळे मिटायला लावायचे, ही त्यांची पद्धत. कानातला बोराएवढा फाया चिमट्यानं काढून त्यांनी स्टुलावर ठेवला. डावा कान कापसानं बंद केला, आणि कापूस निसटू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधली. धोंडोपंत थंडीनं कुडकुडायला लागले तेव्हा केरूनं धर्मशाळेतली पांढरी चादर त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढली.

"मी लांबून आकडा बोलेल," डॉक्टर कानाशी तोंड नेऊन म्हणाले. "ऐकू आला की नुसता बोट वर. डोळा उघडायचा नाय, बोलायचा नाय." मग केरूला म्हणाले, "दारात उभा राहा. कोणी एक अक्षर बोलला नाय पायजे." आणि त्यांनी मोतीरामांना खूण केली.

हातोडे थांबले.

आता नाशिककरांना तांबट आळीच्या ठोक्यांची इतकी सवय, की ते ऐकू येतात हेच कुणाच्या ध्यानात नसतं. थांबले, की मात्र सगळे दचकतात. सराफाचा तराजू हातात राहिला. भाजीवालीनं टोपलीवर फडकं टाकलं. बुरूड दोन बांबू घेऊन निघाला, कुंभारानं मडकं उचललं, कारण ही कामं सांगून करायची नसतात. गाव तांबट आळीकडे चालू लागलं.

इकडे धोंडोपंतांनी वेगळाच घोळ घातला होता. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण नमुन्यानं नापास होणं बरं दिसलं नसतं. म्हणून ते अंदाजानं मधून मधून बोट वर करत होते. डॉक्टरांना वाटलं, काय तिखट कान आहे. ते दोन पावलं मागे गेले. बोट वर. आणखी मागे गेले. बोट वर. असं करत करत डॉक्टर मागच्या दारानं परसात पोचले आणि विहिरीपाशी उभे राहून "बेचाळीस, अठरा" असं स्वतःशीच कुजबुजत राहिले. एवढं झाल्यावर, अति नको म्हणून, धोंडोपंतांनी विनयानं बोट खाली ठेवलं आणि स्वस्थ पडून राहिले.

पुढच्या दारात गर्दी आली. केरूचं पागोटं काखेत होतं, कारण सरावाला म्हणून डॉक्टरांनी त्याचा कान आधी पाहिला होता.

"कोण गेलं?" बुरूडानं हळूच विचारलं.

केरूनं ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नका. पंत आत पडल्यात."

बुरूडानं ओट्यावरच्या तांबटांकडे पाहिलं. "खरं का?" त्यानं विचारलं. तांबटांना ऐकू आलं नाही, पण माणूस काही तरी विचारतोय एवढं कळलं. त्या सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मोतीरामही हलवून चुकले.

लोक एकेक करून आत डोकावले. चादर, हनुवटीची पट्टी, मिटलेले डोळे. महेबूब गुलाबपाण्याची बाटली घेऊन आला होता. तो जवळ गेला आणि त्याची नजर स्टुलावर पडली. तिथे हिन्याचा फाया काढून ठेवलेला. एक वेळ धोंडोपंतांच्या अंगावर कपडे नसतील, पण कानात फाया नाही, असं त्यानं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढली आणि भिंतीला टेकला.

"खरंच गेले साहब," तो म्हणाला.

नवसाबाई दहीवालीनं ही बातमी सगुणाबाईंच्या घरी पोचवली. त्या होत्या तशा आल्या, हाताला कणीक तशीच. गर्दीनं वाट करून दिली. इतकी माणसं आणि इतकी शांतता नाशकात पुन्हा झाली नसेल. सगुणाबाई बाकाशी बसल्या, धोंडोपंतांच्या उजव्या बाजूला. आणि जिचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडत नव्हता, त्या बाईनं तोंड उघडलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "आता मी बोलू कुणाशी?"

कुणीतरी हुंदका दिला. केरूनं त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला काय कळत नव्हतं का? पण रोज समोर बसायचात. मान हलवायचात. मी बोलायची थांबले तर तुम्हाला कळेल, की मला कळलंय. वाईट वाटेल तुम्हाला. म्हणून मी आपली बोलत राहिले. जे सुचेल ते बोलत राहिले. ती पेटीसुद्धा मीच आणवली हो. म्हटलं, माझा नाही तर तिचा तरी आवाज पोचेल. तुम्ही कधी वाजवायलाच सांगितली नाहीत."

आणि हे शेवटचं वाक्य त्या ओरडून म्हणाल्या.

चादरीखालून एक हात बाहेर आला. त्याचं एक बोट सावकाश वर गेलं आणि वरच राहिलं. सकाळपासून वर गेलेलं ते पहिलं खरं बोट होतं.

बुरूडाच्या हातातले बांबू फरशीवर पडले. कुंभाराचं मडकं फुटलं. नवसाबाई भिंतीशी चिकटून रामनाम घेऊ लागली. त्या आवाजानं डॉक्टर भरुचा परसातून धावत आले. त्यांनी बोट पाहिलं, बाईला पाहिलं, गर्दी पाहिली, आणि मग फक्त कामाचं विचारलं.

"बाई, तुमी किती लांबून बोलला?"

धोंडोपंतांनी अजून डोळे उघडले नव्हते. उघडायला सांगितलं नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण त्यांच्या कानशिलावरून ओघळून पट्टीत मुरत होतं. सारं नाशिक समोर, हनुवटी बांधलेली, बहिरेपणा चारचौघांत उघडा पडलेला. अब्रू म्हणून जी काय चीज होती ती संपली होती. तरी त्यांना पडून राहावंसं वाटत होतं. सगुणाबाई मात्र आता डोक्यावरून पदर ओढून, इतक्या पुरुषांत आपण ओरडलो या लाजेनं जमिनीकडे बघत होत्या.

निदान झालं. डावा कान गेलेला, उजवा निम्मा आहे, जवळून आणि मोठ्यानं बोललं तर पोचतं, आणि ऐकण्यासाठी कानाला कर्णा लावला तर आणखी बरं. हे डॉक्टरांनी सगळ्यांसमक्ष सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा मोतीराम उठले, टोपी काढली आणि बाकावर आडवे झाले. "पंतांना चालतं, तर आपलं काय जातं," असं ते म्हणाले. त्यांच्यामागे सारी आळी तपासून घेऊन गेली. भागीबाईंच्या गुडघ्यालाही डॉक्टरांनी लेप दिला, इतरमध्ये. आणि सगळे गेल्यावर, टांगा दाराशी उभा असताना, चीफ ऑफिसर साहेब एकटेच आले आणि दार लोटून घेऊन डॉक्टरांशी बराच वेळ बसले. काय बोलले ते बाहेर आलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः खोडलेला शब्द स्वतःच्या हातानं प्रस्तावात परत लिहिला.

मोतीरामांनी धोंडोपंतांसाठी पितळेचा कर्णा ठोकून दिला. तो घागरीच्या मापानं झाल्यामुळे कानाशी धरायला दोन माणसं लागत, म्हणून तो पुढे बंबावर झाकण म्हणून गेला. महेबूब अजून फाया देतो. ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि मनगटावर लावायला.

संध्याकाळी धोंडोपंत झोपाळ्यावर बसतात. सगुणाबाई आता पाट उजव्या हाताला मांडतात आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं सांगतात, नळावर कोण भांडलं, कुणाचं लोणचं नासलं. "हं" बंद झालं आहे. ऐकू आलं, की धोंडोपंत एक बोट वर करतात.

बोट वर गेलं नाही, तर त्या भाजी खाली ठेवतात, जवळ सरकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतात. आणि हल्ली हल्ली असं होतं, की ऐकू आलं तरी धोंडोपंतांचं बोट वर जात नाही.